तेरा मुलं, तीन बायका आणि बघणारे आपण

ऑगस्ट २०१९ मध्ये झी फाइव्हवर ‘पोशम पा’ नावाचा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय. आईच्या भूमिकेत माही गिल, मुलींच्या भूमिकांत सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना. चित्रपट अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या प्रकरणावर बेतलेला. नावं बदललेली, पण महाराष्ट्रात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही पहिल्या दहा मिनिटांत ओळख पटावी असा. चित्रपट म्हणून तो फार मोठा आहे असं मला वाटत नाही. दोन माहितीपटकार तुरुंगात जातात, फाशीची वाट बघणाऱ्या दोघी बहिणींशी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून मागची कहाणी उलगडत जाते, अशी त्याची रचना. सव्वा तासात संपतो. मला त्या चित्रपटापेक्षा तो बघणाऱ्यांत जास्त रस वाटला, आणि हा लेखही त्यांच्याबद्दलच आहे.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. नंदुरबारला झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. कोर्टाची कागदपत्रं हाताखालून जातात म्हणून निकालपत्रं वाचायची सवय लागली, आणि त्या सवयीतून खानदेशातल्या जुन्या गुन्ह्यांबद्दल आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या बोलण्याबद्दल टिपणं काढायचा नाद. ‘पोशम पा’ आल्यावर आणि पुढे टाळेबंदीच्या काळात, जेव्हा प्रत्येकाच्या हातातला मोबाइल हाच थिएटर झाला होता, तेव्हा नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा, धडगाव इथल्या ओळखीच्या माणसांशी या चित्रपटाबद्दल बोलत गेलो. हे सर्वेक्षण नव्हे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दुकानात कागद घेऊन आलेल्यांशी झालेलं बोलणं आहे. त्यातून काही सूत्रं हाती लागली, ती मांडतो.

आधी प्रकरण. अंजनाबाई मूळची नाशिककडची. मायलेकी पुढे पुण्यात राहत. तिघींचा धंदा चोरीचा: जत्रा, देवळं, बसस्थानकं अशा गर्दीच्या जागी पाकीट मारायचं, गळ्यातली साखळी ओढायची. पुण्यातल्या एका देवळात रेणुका चोरी करताना पकडली गेली, तेव्हा कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल, असं म्हणत लोकांनी तिला सोडून दिलं. इथून पुढची कल्पना निघाली. मूल जवळ असलं की संशय येत नाही, आणि संशय आलाच तर मुलाला पुढे करून गर्दीचं लक्ष वळवता येतं. स्वतःचं मूल रोज वापरता येत नाही, म्हणून दुसऱ्यांची उचलायची. जून १९९० ते ऑक्टोबर १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई, ठाणे, कल्याण अशा ठिकाणांहून तेरा मुलांचं अपहरण झाल्याचा आरोप होता. उपयोग संपला, मूल रडायला लागलं किंवा ओळख पटण्याइतकं मोठं झालं, की त्याला मारून निर्जन जागी टाकायचं. १९९६ च्या अखेरीस कोल्हापुरात त्या पकडल्या गेल्या. सीमाचे वडील अंजनाबाईला सोडून दुसरा संसार थाटून बसले होते. त्या संसारातली एक मुलगी आधीच मारली गेली होती आणि दुसरीवर डोळा होता. तिथेच सूत्र सापडलं.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत वारली. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. २८ जून २००१ रोजी कोल्हापूर सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. ८ सप्टेंबर २००४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नऊ खुनांचा आरोप होता. शेवटपर्यंत टिकले ते पाच.

हा ‘पाच’चा आकडा मी मुद्दाम सांगतो. बोललेल्यांपैकी एकालाही तो माहीत नव्हता. कुणी बेचाळीस म्हणालं, कुणी पन्नास, एका निवृत्त एसटी कंडक्टरने तर ‘शंभरच्या वर’ असं ठामपणे सांगितलं. बेचाळीसचा आकडा वर्तमानपत्रांतूनही फिरलेला आहे. पाच मुलं मारणं माणसाला पुरेसं भयंकर का वाटत नाही? मला वाटतं, आकडा वाढवला की ती बाई माणसांतून उठते. पाच खून करणारी बाई शेजारच्या घरातली असू शकते. शंभर करणारी राक्षसीणच. आणि राक्षसीण एकदा म्हटलं की आपल्याला तिचं काही समजून घ्यावं लागत नाही.

१९९६ मध्ये नंदुरबार हा जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा आमच्याकडे बातमी एक दिवस उशिराने, धुळ्याच्या आवृत्तीतून यायची. पण अफवेला आवृत्ती लागत नाही. त्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी आया पोरांचा हात सोडत नव्हत्या. ‘मुलं पळवणारी बाई’ हे शब्द त्याआधीही होते. आता त्या शब्दांना चेहरा मिळाला, नऊवारी-पाचवारीतला, कडेवर मूल असलेला, अगदी साधा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही नोंद आहे की त्या परिसरातले लोक इतके घाबरले होते की मुलांना शाळेतही पाठवू शकत नव्हते. निकालपत्रं सहसा कोरडी असतात, त्यामुळे हे वाक्य डोळ्यांत भरतं. न्यायालयाने भीतीलाही पुरावा मानलं, असं मला ते वाचताना वाटलं.

आता प्रेक्षक. चित्रपट बघितलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला उद्गार एकच: ‘आई असून?’ बायका आणि पुरुष दोघांचाही. फरक त्यानंतर पडतो. पुरुष बहुतेक तिथेच थांबतात. एक-दोन शिव्या, ‘भर चौकात फासावर द्यायला पाहिजे होतं’, आणि विषय बदलतो. बायका पुढे बोलतात. शहाद्याजवळच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका ताई म्हणाल्या, ‘दादा, मला त्या मोठीचं कळत नाही असं नाही. आईने लहानपणापासून चोरीलाच लावलं, तर पोरगी दुसरं काय शिकणार? कळत नाही ते हे, की मूल रात्रभर जवळ घेऊन झोपल्यावर सकाळी कसं मारलं.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि तिचा नवरा कुठे होता?’

हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. नवरा कुठे होता ते निकालपत्रात आहे. तो बरोबर होता. अनेक घटनांत त्याचा सहभाग होता, आणि सरकारी पक्षाचा खटला मोठ्या प्रमाणात त्याच्याच साक्षीवर उभा राहिला. माफीचा साक्षीदार ही कायद्यातली मान्य तरतूद आहे. साक्षीदार नसलेल्या गुन्ह्यात पोलिसांना कधीकधी दुसरा मार्ग नसतो, हेही खरं. माझा आक्षेप कायद्याला नाही. पण लोकांच्या आठवणीतून तो माणूस इतका स्वच्छ पुसला गेला, की पंचवीस वर्षांनंतर प्रकरणाचं नाव निघालं की तीन बायका आठवतात आणि चौथा माणूस आठवतच नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला ‘गावित भगिनी’ म्हटलं. रेणुका लग्नानंतर शिंदे होती, तरीही.

आणि इथे आमच्या जिल्ह्याचा एक वेगळाच पेच आहे. नवापूर तालुक्यात फिरा; दुकानाच्या पाट्या, शाळेचा हजेरीपट, निवडणुकीचे फलक, सगळीकडे गावित. आदिवासी समाजातलं हे इथलं अतिशय प्रचलित आडनाव. माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले. मे २०१४ मध्ये डॉ. हीना गावित यांनी त्यांना हरवलं आणि नंदुरबारचं नाव देशभर झालं. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी दोघी बहिणींचा दयेचा अर्ज फेटाळल्याची बातमी आली, आणि ‘गावित’ हे आडनाव पुन्हा पहिल्या पानावर आलं. स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून. नवापूरकडची एक मुलगी तेव्हा पुण्यात नर्सिंग शिकत होती. वसतिगृहात तिला महिनाभर ‘तुझ्या मावश्या’ म्हणून चिडवलं गेलं. ती आता नोकरीला आहे. हे सांगताना हसली, पण ‘पोशम पा’ बघितला का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘नाही बघितला, काका. नावं बदललीयेत म्हणतात, ते बरं केलं.’

चित्रपटात नावं बदलण्यामागे निर्मात्यांची कायद्याची सावधगिरी असणार. पण त्या एका मुलीला त्याचा उपयोग झाला, हे मला त्या चित्रपटाबद्दल ऐकलेलं सगळ्यात चांगलं मत वाटतं.

तुलनेसाठी एक मालिका घ्या. ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात झी मराठीवर ‘देवमाणूस’ चालली. वाईजवळच्या धोम गावातलं डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाचं २०१६ मध्ये उघडकीला आलेलं प्रकरण तिच्यामागे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यावर सहा खुनांचा आरोप, मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका. किरण गायकवाडने ती भूमिका फार छान केली, यात वाद नाही. पण प्रतिक्रिया बघा. आमच्या गल्लीत रात्री साडेदहाला टीव्हीचा आवाज वाढायचा. पोरं त्या डॉक्टरची चालण्या-बोलण्याची नक्कल करायची. बायका ‘मेला कसा गोड बोलतो’ म्हणत हसायच्या. तो पकडला जाऊ नये असं अर्ध्या मोहल्ल्याला वाटत होतं, आणि मालिका संपल्यावर दुसरा भागही आला. पुरुष खुनी पडद्यावर आला की आपल्याला त्याची हुशारी दिसते. बाई खुनी आली की तिचं आईपण दिसतं, किंवा नसलेलं आईपण. अंजनाबाईसुद्धा हुशार होती. सहा वर्षं अर्ध्या महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या हाती लागली नाही. तिची नक्कल करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत एलीन वूर्नोस या बाईला सात पुरुषांच्या हत्यांच्या प्रकरणात २००२ मध्ये फ्लोरिडात मृत्युदंड दिला गेला. पुढच्याच वर्षी तिच्यावर ‘मॉन्स्टर’ नावाचा चित्रपट आला आणि शार्लीझ थेरॉनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. तिथले प्रेक्षक त्या बाईसाठी रडले. फरक इतकाच की तिने मारलेले मोठे पुरुष होते, आणि तिच्यावर झालेले अत्याचार पडद्यावर होते. लहान मुलं मारणाऱ्या बाईसाठी कुणी रडत नाही. मीही रडलो नाही. माझा प्रश्न रडण्याचा नाही. त्या रागाचं पुढे काय होतं, तो राग कुठे जाऊन पडतो, हा आहे. सातपुड्यात या प्रश्नाला एक अतिशय ठोस उत्तर आहे.

धडगावच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाला मी चित्रपटातलं थोडं मोबाइलवर दाखवलं. साठीचा, शेतकरी, भला माणूस. बघून तो शांतपणे म्हणाला, ‘डाकीणच आहे ही.’ त्याच्या भाषेत म्हणाला. मी मराठीत देतो. आम्ही शहरातले लोक ‘डाकीण’ हा शब्द शिवी म्हणून वापरतो. त्याने तो वर्गवारी म्हणून वापरला, जसं आपण ‘टीबीचा पेशंट’ म्हणतो तसा. त्याच्या लेखी मुलं मरतात त्यामागे कधीकधी बाई असते, हे पूर्वीपासून माहीत असलेलं सत्य होतं. टीव्हीवाल्यांना आत्ता कळलं, एवढंच.

सातपुड्यातलं मूल कशाने मरतं ते इथल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला माहीत आहे: कमी वजन, हगवण, न्यूमोनिया, पावसाळ्यात बंद पडलेला रस्ता, सिकलसेल, साप. पण एका घरात दोन मुलं लागोपाठ गेली की कारण विचारायला भगताकडे किंवा बडव्याकडे जाणं होतं. तो दाणे टाकून बघतो आणि कधीकधी एखाद्या बाईचं नाव निघतं. ती बहुतेक वेळा विधवा असते, किंवा एकटी, किंवा जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशी. मग मारहाण, बहिष्कार, गावाबाहेर काढणं. काही वेळा खून. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अक्राणी-अक्कलकुव्यात वर्षानुवर्षं यासाठीच हेलपाटे घालताहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो आता अशा बाईच्या बाजूने उभा राहतो, पण त्यासाठी आधी तिने पोलीस ठाण्यापर्यंत पोचावं लागतं.

याचा इतिहास जुना आहे आणि थोडा अभ्यासलाही गेला आहे. १८५३ मध्ये मेवाड भिल कोअरमधल्या एका शिपायाने डाकीण ठरवलेल्या बाईला मारलं, तेव्हा इंग्रजांच्या आग्रहावरून मेवाड दरबाराने या प्रथेवर बंदी आणली. आमच्या शेजारच्या डांगबद्दल अजय स्कारिया यांनी वसाहतकाळातल्या डाकीण-हिंसेवर लिहिलं आहे. त्यात बाईची ‘परीक्षा’ घेण्याच्या पद्धती येतात: झाडाला उलटं टांगणं, डोळ्यांत मिरची भरणं. ते वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. पहिली, इंग्रज अधिकारी या हत्यांना रानटीपणाचा पुरावा मानत आणि त्यातून भिल्लांवर राज्य करण्याचा आपला हक्क सिद्ध करत. मारल्या जाणाऱ्या बाईशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. दुसरी, ज्या बाईवर आळ येई ती परकी नसे, घरातली किंवा गावातलीच असे. राग नेहमी हाताशी असलेल्या बाईवर जाऊन पडतो.

तेव्हा अंजनाबाईच्या कहाणीची एक बाजू मला अस्वस्थ करते. शेकडो वर्षं ज्या बायकांवर मुलं खाल्ल्याचा खोटा आळ आला, त्यांच्या बाजूने बोलताना आम्ही म्हणत आलो, ‘असं काही नसतं, बाई असं करत नाही.’ आणि मग एक बाई खरोखर तसं करते, न्यायालयात सिद्ध होतं, त्यावर चित्रपट निघतो. धडगावच्या त्या माणसाला मी सांगितलं, ‘दादा, हिने मंत्र घातला नाही. हिने चोरीसाठी मुलं पळवली. पैशासाठी.’ तो म्हणाला, ‘ते तुम्ही म्हणता.’ पुढे मी वाद घातला नाही. पण फरक तिथेच आहे. डाकिणीचा गुन्हा कधीच घडलेला नसतो, त्यामुळे त्याला पुरावा लागत नाही. अंजनाबाईच्या टोळीचा गुन्हा घडला होता आणि पुराव्याअभावी तो सहा वर्षं चालू राहिला. एका ठिकाणी न घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा संध्याकाळपर्यंत होते. दुसऱ्या ठिकाणी घडलेल्या गुन्ह्याची साधी नोंद जुळवायला सहा वर्षं लागतात.

आणि डाकीण नसली तर ‘मुलं पळवणारी टोळी’ असते. चित्रपट येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, रविवार १ जुलै २०१८ रोजी, आमच्या हद्दीला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसं जमावाने मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. मुलं पळवणारे आलेत असे संदेश आठवडाभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मारणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्याचे व्हिडिओ होते. तेही लोकांनी ‘बघितले’. मी ज्यांच्याशी ‘पोशम पा’बद्दल बोललो त्यांतल्या बऱ्याच जणांच्या फोनवर वर्षापूर्वी राईनपाड्याची ती चित्रफीत येऊन गेली होती. दोन्हीचा संबंध मी विचारल्याशिवाय कुणी जोडला नाही. विचारल्यावर एक किराणा दुकानदार म्हणाला, ‘ते बिचारे निर्दोष होते, चूक झाली. पण शेठ, पोरांचा विषय निघाला की माणसाचं डोकं चालत नाही.’

डोकं चालत नाही हे खरं. पण ते कुणावर चालत नाही तेही बघावं. मारले गेलेले पाच जण भटके, भिक्षेकरी, दुसऱ्या जिल्ह्यातले. आणि अंजनाबाईच्या टोळीने १९९० मध्ये उचललेलं पहिलं मूल कुणाचं होतं? कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका आली. परभणीतलं १९७२ ते १९७४ मधलं मानवत हत्याकांड; गुप्तधन आणि संततीच्या लोभाने मुली-बायकांचे बळी घेतल्याचं प्रकरण. तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. तीही लोकांनी आवडीने बघितली. बघणाऱ्यांच्या बोलण्यात सगळा भर रुक्मिणीवर. सूत्रधार तीच, असं प्रत्येकाचं मत. खऱ्या खटल्यात रुक्मिणी आणि उत्तमराव बारहाते वरच्या न्यायालयात सुटले, हे मी सांगितलं की लोक नाराज होतात. एकाने मला ‘तुम्ही वकिलासारखं बोलता’ असं सुनावलं. मी फक्त निकाल सांगत होतो.

या सगळ्यात मला आधार वाटतो तो आमच्या जवळच्याच एका जागेचा. अजिंठ्याला लोक पहिल्या आणि सतराव्या लेण्यातली चित्रं बघून दमतात आणि दुसऱ्या लेण्याच्या आतल्या उजव्या दालनाकडे फारसं जात नाहीत. तिथे हारीती बसली आहे, शेजारी पांचिक. हारीती म्हणजे राजगृहातली मुलं पळवून खाणारी यक्षिणी. कथा अशी की तिला स्वतःची पाचशे मुलं होती. बुद्धाने त्यांतलं सगळ्यात धाकटं आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली, तेव्हा तिला विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर हे दुःख, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? तिने मुलं खाणं सोडलं, आणि भिक्षूंनी आपल्या जेवणातला घास रोज तिच्यासाठी काढायचं कबूल केलं. दालनात ती मांडीवर मूल घेऊन बसली आहे. वरच्या कोपऱ्यात तिचं आधीचं रौद्र रूप, धावून येणारं, आणि मग शरण आलेलं. आणि खाली, पायथ्याशी, एक शाळा कोरली आहे. छडी घेतलेले गुरुजी, पुढच्या रांगेत अभ्यास करणारी पोरं आणि मागे एडक्यांशी खेळणारी द्वाड पोरं.

पाचव्या शतकातल्या कारागिराने मुलं खाणाऱ्या बाईच्या पायाशी शाळा का कोरली असेल, यावर मी बरंच डोकं लढवलं आहे. मुलांची राखणदार म्हणून तिची पूजा होई, त्यामुळे मुलांचं दृश्य, हे सरळ उत्तर. मला मात्र ते निकालपत्रातलं वाक्य आठवतं, लोक मुलांना शाळेत पाठवेनासे झाले होते ते. भीती संपली याची खूण म्हणजे मागच्या रांगेत द्वाडपणा करणारी पोरं. कारागिराला हे माहीत होतं.

हीच युक्ती आपल्या घराघरांत आहे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा जो कागद आपण देव्हाऱ्याजवळ लावतो, त्यात नरसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती यांच्याबरोबर जरा-जिवंतिका असतात, अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या. त्यातली जरा ही राक्षसी. जरासंधाचे दोन तुकडे जोडणारी. पाचवी-सहावीला येणारी सटवाई तशीच, नशीब लिहिणारी आणि रुसली तर मूल नेणारी. जुन्या बायकांनी मुलं नेणाऱ्या बाईला घरातून हाकललं नाही, तिला पाट मांडून बसवलं. बालमृत्यू रोजचा होता, तेव्हा त्याला तोंड द्यायची ही त्यांची रीत. त्यांनी त्या भीतीला एका देवीचं नाव दिलं, शेजारणीचं नाही. डाकिणीच्या प्रथेत नेमकं उलटं होतं. एकाच भीतीची ही दोन टोकं एकाच मुलखात शेजारीशेजारी नांदत आली आहेत, आणि कुठल्या घरात कुठलं टोक निघेल हे बरेचदा त्या घराजवळ दवाखाना आहे की नाही यावर ठरतं.

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. नितीन जामदार आणि न्या. सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने दोघी बहिणींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण एकच, दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला लागलेला अवाजवी वेळ: सात वर्षं, दहा महिने, पंधरा दिवस. गुन्ह्याच्या निर्घृणतेबद्दल न्यायालयाने कुठलीही सौम्य भाषा वापरली नाही. दोष सरकारी यंत्रणेच्या ढिलाईला दिला. दोघींची सुटकेची मागणी मान्य झाली नाही. त्या १९९६ पासून आत आहेत.

त्या दिवशी दुकानात आलेल्यांचा राग न्यायाधीशांवर होता. कुणी म्हणालं कायदा बायकांना फार सवलत देतो, कुणी म्हणालं हैदराबादसारखं करायला पाहिजे होतं. फाईल कुठल्या टेबलावर किती महिने पडून राहिली हे निकालात तारखांसकट दिलेलं आहे. मी त्या पानांच्या दहा प्रती काढून काउंटरवर ठेवल्या, फुकट. दोन गेल्या.

शहाद्याकडच्या त्या अंगणवाडीच्या ताई पुढच्या महिन्यात पोषण आहाराच्या याद्या झेरॉक्स करायला आल्या, तेव्हा त्यातली तिसरी त्यांनी घेतली. वाचून फोन केला. फाशीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ती कोल्हापूरची भीक मागणारी बाई, जिचं पहिलं मूल नेलं, ती पोलिसांत गेली होती का, आणि गेली असेल तर तिची तक्रार कुणी लिहून घेतली.